कळसूबाई सर, मित्र गायब!

मंडळी, नाशकात हल्ली एक समज पसरलाय. शनिवारी बूट घेतले की रविवारी कळसूबाई करता येतं. वर ऐकवायचं, "त्यात काय, शिड्या आहेत की!"

अहो, १६४६ मीटर! महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर आहे ते. शिड्या कडा चढवून देतात. दम आणि गुडघे नाही पुरवत. पावसाळ्यात लोखंड निसरडं, धुकं दाट आणि मागेपुढे गर्दी. मध्येच एखाद्याचे पाय लटपटले तर ना वर जाता येत, ना खाली.

पण माझं खरं भांडण बुटांशी नाहीच. दमलेल्या मित्राला अर्ध्या वाटेत एकटं बसवून बाकीचे वर पळतात, त्याच्याशी आहे. वर जाऊन पुन्हा 'ग्रुप फोटो'! कसला डोंबलाचा ग्रुप?

ऑफिसात रोलबॅक प्लॅनशिवाय आपण चार ओळींचा कोड लाइव्ह करत नाही. मग डोंगरावरच का ही बेफिकिरी? महिनाभर आधी पाठीवर पाणी घेऊन पांडवलेणी चढा-उतरा. आणि निघण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवा : किती वाजता मागे फिरायचं, आणि कोणी थांबलं तर त्याच्यासोबत कोण उतरणार. चाल मात्र सगळ्यात हळू चालणाऱ्याची.

"आणि शिखर राहिलं तर?" राहू दे की! कळसूबाई कुठे पळून जातेय? तुमचा हरवलेला मित्र शोधायला बारी गावातल्या लोकांनी का म्हणून रात्र जागवायची?

एवढंही ठरत नसेल तर सरळ मिसळ खा आणि घरी या. तिथे निदान सगळे एकत्र तरी बसाल.