कळव्याच्या यंत्राची भाषा कोणाची?

आमच्या चकलांब्यात लाईट गेली की लोक आधी वायरमनला फोन लावतात. बहुतेक वेळा दोष डीपीचाच असतो. पण २००५ च्या आसपासचं भारनियमन, ज्याच्या गोष्टी घरी अजून निघतात, ते वायरमनच्या हातात नव्हतंच. वीज कमी, मागणी जास्त. फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली घसरली की कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून भार कमी करायला सांगितलं जायचं, आणि इकडे गेवराई तालुक्यात पंप थांबायचे.

मित्रांनो, त्या केंद्रात बसलेल्या इंजिनिअरला ग्रीड दिसतं ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर. उपकेंद्रातलं आरटीयू व्होल्टेज, मेगावॅट, ब्रेकर उघडा की बंद, हे सारखं पाठवत असतं. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या आरटीयूची बोली निराळी! मग यंत्रं तिचीच घ्या, नाहीतर मधे दुभाषा म्हणून कन्व्हर्टर बसवा. त्यावर आयईसी ६०८७०-५-१०१ आलं, नंतर नेटवर्कवर चालणारं १०४ आणि उपकेंद्राच्या आतल्या यंत्रांसाठी ६१८५०.

म्हणजे प्रश्न मिटला? माझ्या मते अर्धाच. माहिती येण्याचा रस्ता खुला झाला, पण ती ज्या डेटाबेसमध्ये जाऊन बसते तो विक्रेत्याच्या पद्धतीचा असला, तर सिस्टीम बदलताना सगळ्या लाईनी, ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर पुन्हा भरत बसा. आयईसी ६१९७० मधलं सीआयएम हा त्यावरचा उतारा आहे: ग्रीडचं वर्णन सगळ्यांना वाचता येईल अशा एकाच साच्यात. टेंडरमध्ये नुसतं नाव लिहून भागत नाही. पूर्ण मॉडेल बाहेर काढून दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चालवून दाखवा, मगच बिल, असं हवं.

काही जण म्हणतात, खुलं म्हणजे हॅकरला आमंत्रण. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली, त्यानंतर ही भीती वाढलीच. पण कुलूप कसं चालतं हे माहीत असणं वेगळं आणि किल्ली हातात असणं वेगळं. या प्रोटोकॉलच्या सुरक्षेचं ६२३५१ हे मानकसुद्धा खुलंच आहे. (खुलं म्हणजे फुकट नव्हे, आयईसीचे कागद विकतच घ्यावे लागतात!)

आपल्याकडे मात्र स्काडा म्हणजे पाच मार्कांची ब्लॉक डायग्राम. १०४ साठीचं मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. दोन जुने कॉम्प्युटर पुरतील, एक कळवा, एक उपकेंद्र. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी मी हेच नाव देतोय. अजून दोघांची जागा आहे.