किल्ली देण्यापूर्वी

बारावीचा निकाल लागतो, गुण चांगले पडतात आणि ठरल्याप्रमाणे दारात नवी गाडी येऊन उभी राहते. गाडीला हार घातला जातो, आई हळदकुंकू लावते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. मग वडील किल्ली मुलाच्या किंवा मुलीच्या हाती देतात आणि म्हणतात, ‘‘हळू चालव हं!’’ आपल्या बहुतेक घरांतले वाहनशिक्षण या तीन शब्दांनी सुरू होते आणि तिथेच संपते.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असे पोलिसांचे म्हणणे. त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला आणि त्यासोबत अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालण्यात आली. त्यावरून देशभर संताप उसळला. मोटारीची किंमत, श्रीमंतांची मुले, यंत्रणेचा ढिलेपणा या सगळ्यांवर भरपूर चर्चा झाली. परंतु एक साधा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. मुलाच्या हाती गाडी जाते ती कोणाच्या घरातून? हा प्रश्न श्रीमंतांच्या बंगल्यांपुरता नाही. शिकवणीला जाणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांच्या दुचाकी कोणत्याही गावात, कोणत्याही संध्याकाळी पाहाव्यात.

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. म्हणजे दर तासाला एकोणीस. एखादे विमान कोसळले तर आपण आठवडाभर हळहळतो. इथे दररोज साडेचारशेहून अधिक माणसे जातात आणि त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते. मृतांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश अठरा ते पंचेचाळीस या वयातले होते, म्हणजे घराचे कर्ते किंवा उद्याचे कर्ते. आणि दहापैकी सात मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर जमा आहेत.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. तिच्यातील १९९ अ हे कलम पालकांनी एकदा तरी वाचावे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. मुलाने आपल्या नकळत गाडी नेली हे त्याला सिद्ध करता आले नाही, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ‘गिअर नसलेली गाडी सोळाव्या वर्षी चालते’ हा समजही अर्धवट आहे. ती सवलत ५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना आहे आणि आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर त्याच्या दुप्पट क्षमतेच्या असतात.

आठचा आकडा काढला, पुढे काय?

अठरा पूर्ण झाली की शिकाऊ परवाना मिळतो. महाराष्ट्रात २०२१ पासून त्याची परीक्षा घरबसल्या संगणकावर देता येते. ती भाचा देतो की त्याचा मामा, हे घरच्यांनाच ठाऊक! हा परवाना सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. ते तीस दिवस पक्का परवानाधारक शेजारी बसवून, गाडीला लाल ‘एल’ लावून सराव करण्यासाठी आहेत. आपल्याकडे ते बहुधा वाट पाहण्यात जातात. मग एके सकाळी मैदानात आठचा आकडा काढला जातो आणि परवाना हाती पडतो. गाडी हलवता येणे आणि रस्त्यावर चालवता येणे यांतला फरक त्यानंतर कोणी सांगत नाही.

तो सांगायला फार वेळ लागत नाही. रस्त्यावरचे फलक वाचण्याची एक सोपी खूण आहे. गोल फलक हुकूम करतो, त्रिकोणी फलक इशारा देतो, चौकोनी फलक माहिती पुरवतो. चौकात वर्तुळ असेल किंवा सिग्नल नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. ओलांडून पुढे जायचे ते उजव्या बाजूने, आणि पुढचा रस्ता स्पष्ट दिसत असेल तरच. वळणावर, पुलावर, चढाच्या माथ्यावर कधीही नाही. पांढऱ्या पट्ट्यांवर पायी चालणाऱ्याचा हक्क पहिला. वळण्याचा दिवा वळायच्या आधी लावायचा असतो, वळून झाल्यावर नव्हे.

घाटात चढणाऱ्या गाडीला प्राधान्य, कारण भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा हलवणे अवघड. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हे जुने चालक सांगत आले. पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्यांनी ते विसरू नये. तशा उतारावर इंजिनाचा आधार सुटतो, सारा भार ब्रेकवर येतो आणि तापलेला ब्रेक नेमका शेवटच्या वळणावर दगा देतो.

आता वेगाचे गणित. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर कापते. समोर काही आले हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एखादा सेकंद जातोच. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही गाडी थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या तीन बसगाड्यांएवढे अंतर! वेग तीसवर असेल तर हेच अंतर सुमारे तेरा मीटर होते. चेंडूमागे धावत रस्त्यावर आलेले पोर वाचते की नाही, हे या फरकावर ठरते. म्हणून पुढच्या गाडीत आणि आपल्यात दोन सेकंदांचे अंतर हवे. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोहोचली की सावकाश दोन आकडे मोजावेत. ते मोजून होण्याआधी आपण त्या खांबापाशी पोहोचलो, तर आपण फार जवळ आहोत. पावसात चार मोजावेत. पहिल्या सरीने रस्त्यावरची धूळ आणि तेल एकत्र होऊन जो निसरडा थर तयार होतो, त्यावर नवशिक्यांच्या दुचाकी हटकून घसरतात. आणि ज्यांच्या भागात साखर कारखाने आहेत, त्यांना हंगामातली रात्र वेगळी सांगायला नको. मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात अचानक भिंतीसारखी समोर येते. आपल्या दिव्यांच्या उजेडात जेवढे दिसते, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग रात्री ठेवावा.

मागच्या आसनावरची शाळा

हे सारे नियम मुलाला पाठ होतील. तो ते पाळेल का, याचे उत्तर मात्र पुस्तकात नाही. मूल गाडी चालवायला शिकते ते अठराव्या वर्षी, असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते टाकीवर बसून, आईबाबांच्या मध्ये दडून, मोटारीच्या मागच्या काचेला नाक लावून कितीतरी वर्षे शिकत असते. चौकात पोलीस नाही हे पाहून बाबांनी सिग्नल तोडलेला त्याने पाहिलेला असतो. लांबचा वळसा नको म्हणून उलट्या दिशेने काढलेली स्कूटर, खांदा आणि कान यांच्यामध्ये धरलेला मोबाइल, पोलीस दिसताच डोक्यावर चढणारे हेल्मेट हेही पाहिलेले असते. नियम पोलिसासाठी असतो, हा धडा त्याला असा घरीच मिळतो.

हेल्मेटचेच पाहा. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांतले १४ हजारांहून अधिक मागे बसलेले होते. कायद्याने चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट आवश्यक आहे. आपल्याकडे ते चालवणाऱ्याला मिळते, मागे बसलेल्या पत्नीला आणि मुलाला नाही. मोटारीत पट्टा पुढच्यांनीच लावायचा, अशीही समजूत आहे. उद्योगपती सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात अपघातात गेले, तेव्हा ते मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्या वर्षी पट्ट्याअभावी दगावलेल्या १६,७१५ जणांपैकी जवळजवळ निम्मे चालक नव्हते, प्रवासी होते. गाडी अडते, माणूस अडत नाही. तो त्याच वेगाने पुढे फेकला जातो. मागच्या आसनाला यातून सूट नाही.

रस्ते खराब आहेत, खड्डे आहेत, दिवे बंद आहेत, परवाने देणारी यंत्रणा ढिली आहे. या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या केल्याच पाहिजेत. पण रस्ता दुरुस्त होईपर्यंत आपली मुले घरी थांबणार नाहीत. त्यांना उद्या सकाळी त्याच रस्त्यावरून कॉलेजला जायचे आहे.

कल्याणीनगरच्या त्या तीनशे शब्दांच्या निबंधावर लोक चिडले, ते रास्तच होते. दोन जिवांचे मोल निबंधाने भरून निघत नाही. तरीही एक निबंध प्रत्येक घरात लिहिला जावा असे वाटते. तो किल्ली देण्याच्या आदल्या रात्री आईवडिलांनी लिहावा. विषय सोपा आहे, ‘मी गाडी कशी चालवतो’. लिहून झाला की तपासायला मुलाकडे द्यावा. खाडाखोड तो बरोबर करील. इतकी वर्षे मागे बसून तो हेच पाहत आला आहे.