परकीय भाषेचा बाजारभाव

महाविद्यालयीन प्रवेशांचे दिवस आले की मध्यमवर्गीय घरांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो : मुलाने जर्मन घ्यावी, जपानी घ्यावी की फ्रेंच? प्रश्नाचा रोख भाषेच्या सौंदर्यावर नसतो, मिळकतीवर असतो. त्यात गैर काही नाही. इंग्रजीला वाघिणीचे दूध मानणाऱ्या पिढ्यांतही ते दूध नोकरीच्या आशेने प्राशन करणारेच पुष्कळ होते. गैर आहे ती प्रश्नाची मांडणी. कोणत्या भाषेला अधिक भाव आहे, हे विचारण्याआधी ती कोणत्या कामाच्या जोडीने वापरावयाची आहे, हे विचारावयास हवे.

भाव हा स्थिर नसतो. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत साहाय्याने उभा राहिला, त्या काळात रशियन शिकणाऱ्यांना तांत्रिक अनुवादाची आणि दुभाष्याची कामे खुली झाली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघराज्य विसर्जित झाले आणि ज्यांच्यापाशी केवळ भाषा होती त्यांच्या पायांखालची वाळू सरकली. भाषेच्या जोडीला अभियांत्रिकी किंवा वैद्यक असणाऱ्यांची उपजीविका मात्र तेवढ्याने बुडण्याचे कारण नव्हते.

आज तशीच ओढ जर्मनकडे आहे आणि ती निराधार नाही. २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या वार्षिक व्हिसांची मर्यादा २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. परंतु ही मागणी नीट वाचली पाहिजे. जर्मनीला हवे आहेत ते जर्मन जाणणारे परिचारक, वीजतंत्री आणि वाहनचालक. नुसते जर्मन जाणणारे नव्हेत. जपानने २०१९ मध्ये विशिष्ट कुशल कामगारांसाठी निवासाचा नवा प्रवर्ग सुरू केला, त्यातही भाषेच्या परीक्षेबरोबर कौशल्याची स्वतंत्र परीक्षा ठेवली आहे.

अर्थशास्त्रात ज्यांना पूरक वस्तू म्हणतात, त्यांत परकीय भाषा मोडते. चहात साखर हवी, पण चहाच नसेल तर साखरेचा डबा घेऊन बसण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रश्न खर्चाचा. पालक वर्गाचे शुल्क मोजतात, वर्षे मोजीत नाहीत. जर्मन रुग्णालयात परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळण्यास सामान्यतः बी-२ ही पातळी लागते, आणि तेथवर पोहोचण्यास ४५ मिनिटांच्या सुमारे ६०० ते ८०० तासिका लागतात. आठवड्यास सहा तासिका धरल्या तर ही दोन ते अडीच वर्षांची साधना झाली. प्रत्यक्षात अनेकजण ए-१ किंवा एन-५ या पहिल्या पायरीचे प्रमाणपत्र घेऊन थांबतात. ते घरात लावण्यास शोभिवंत असते, नोकरीच्या बाजारात त्याचे मोल अल्प असते. त्याच संध्याकाळी हिशेबशास्त्रावर किंवा यंत्रविद्येवर वेचल्या असत्या तर काय हाती आले असते, हा हिशेब कारकुनाच्या घराला तरी टाळता येणार नाही.

त्यात आता संगणकीय अनुवादाची भर पडली आहे. साध्या पत्राचा वा माहितीपत्रकाचा कामचलाऊ अनुवाद यंत्र क्षणार्धात करून देते. केवळ अशा कामावर विसंबणाऱ्यांचे दिवस कठीण आहेत. रुग्णाच्या उशाशी बसून त्याची तक्रार समजून घेणे, कारखान्यातील अधिकाऱ्याशी बिघाडाविषयी वाद घालणे, हे काम अद्याप माणसाचेच आहे. म्हणजे भाषेची वरची पातळी मोलाची ठरते, तिचा तोंडओळखीपुरता अभ्यास नव्हे.

याचा अर्थ परकीय भाषा शिकू नयेत असा नव्हे. आवडीने शिकणाऱ्यास तर कोणत्याही समर्थनाची गरज नाही. पण पोटासाठी शिकणाऱ्याने आधी आपला व्यवसाय ठरवावा; त्या व्यवसायाला कोणत्या देशात मागणी आहे ते पाहावे; तेथे भाषेची कोणती पातळी लागते ते विचारावे, आणि तेथपर्यंत जाण्याची तयारी असेल तरच पहिला धडा उघडावा. हा सल्ला भाषावर्गांच्या जाहिरातींकडून मिळणार नाही. तो देण्याची जबाबदारी शिक्षकांची आहे. विद्यार्थ्याची दोन वर्षे वाया गेली तर कोणताही भाषावर्ग ती परत करीत नाही.