गाठ साधी, मग किरणांची घाई का?

एका कानाने कमी ऐकू येते, कानात सतत गुणगुणते, म्हणून एमआरआय होतो आणि अहवालात ‘वेस्टिब्युलर श्वानोमा’ निघतो. तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूच्या आवरणातून वाढणारी ही गाठ कर्करोगाची नसते. अनेकांच्यात ती वर्षानुवर्षे तेवढीच राहते. तरी ‘डोक्यात गाठ’ म्हटल्यावर घरच्यांना थांबणे म्हणजे हयगय वाटते.

नॉर्वेतील बर्गनच्या डॉक्टरांनी हेच तपासले. २०२३ साली ‘जामा’मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. गाठ लहान, दोन सेंटिमीटरच्या आतली, असे १०० रुग्ण निम्मे निम्मे वाटले. एका गटाला लगेच रेडिओसर्जरी, दुसऱ्यावर एमआरआयने नजर. चार वर्षांत पहिल्या गटात गाठीचे आकारमान सरासरी १३ टक्के घटले, दुसऱ्यात ५१ टक्के वाढले. किरणांची बाजू इथे सरळ जिंकते. पण ऐकू येणे, तोल, रोजचे जगणे यांत दोन्ही गटांत जवळपास फरक नव्हता. शिवाय थांबलेल्या ५० पैकी २८ जणांना चार वर्षांत कोणताच उपचार लागला नाही. गाठ वाढल्यावर किरण घ्यायला वाट मोकळीच होती. म्हणजे लहान गाठीत थांबणे हाही उपचारच मानायला हवा. गाठ मेंदूच्या देठावर दाब देत असेल तर मात्र हा हिशेब लागू नाही. तिथे बहुधा शस्त्रक्रियाच.

किरण घ्यायचेच ठरले, तर जाहिरातीत यंत्राचे नाव मोठे असते. गॅमा नाइफमध्ये कोबाल्टचे जवळपास दोनशे किरण एका बिंदूवर आणून साधारण १२-१३ ग्रे मात्रा एकाच बैठकीत देतात. गाठ मोठी असेल, तर तेच काम पाच किंवा पंचवीस-तीस बैठकांत विभागतात. खारघरला टाटा स्मारकाचे प्रोटॉन केंद्र सुरू झाल्यापासून ‘प्रोटॉनच घेऊ’ असा आग्रहही ऐकू येतो. प्रोटॉन गाठीपलीकडे फारसा जात नाही, त्यामुळे लहान मुलांत आणि कवटीच्या तळाच्या काही गाठींत तो मोलाचा आहे. अशा छोट्या गाठीत तो सरस ठरल्याचा पुरावा नाही. यंत्रापेक्षा तिथल्या चमूने अशा किती गाठी हाताळल्या, हे विचारणे जास्त उपयोगाचे.

आणखी एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी. रेडिओसर्जरीने गाठ नाहीशी होत नाही, तिची वाढ थांबते. पहिल्या वर्षभरात ती थोडी फुगलेलीही दिसू शकते. ही सूज बहुतेकदा तात्पुरती असते. तेवढ्यावरून उपचार फसला असे समजून लगेच शस्त्रक्रियेकडे वळायचे नसते, पुढच्या एमआरआयपर्यंत थांबायचे असते.