सध्या काय वाचताय?

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून आपला समाज शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलकडे वळतो. पोटाला चिमटा काढून माणसे पुस्तके घेतात. पण त्यातली वाचली किती जातात? विहारात भेटेल त्याला मी हल्ली जयभीम करून विचारतो, सध्या काय वाचताय? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म', एवढे उत्तर येते. उत्तम! पुढे?

वकील म्हणून माझी शिफारस 'राज्ये आणि अल्पसंख्याक'ची. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी बाबासाहेबांनी तयार केलेले हे निवेदन १९४७ साली प्रसिद्ध झाले. ते कलमांच्या भाषेत आहे. शेती हा राज्याचा उद्योग असावा, गावकऱ्यांना जातपात न पाहता जमीन कसायला मिळावी, कोणी जमीनदार राहू नये आणि कोणी भूमिहीनही. मूलभूत उद्योग आणि विमा राज्याकडे. शिवाय हे सारे घटनेतच लिहिलेले असावे, म्हणजे सरकार बदलले म्हणून ते बदलणार नाही! संविधानात हे आले नाही. जे आले ते आपण अभिमानाने सांगतो, जे राहून गेले त्याची चर्चाच नाही. गिरणगावात चिमण्यांच्या जागी टॉवर उभे राहिलेले पाहणाऱ्यांनी तरी ते वाचावे.

शासनाने १९७९ मध्ये काढलेल्या इंग्रजी पहिल्या खंडात ते आहे. खंड मिळत नाहीत ही तक्रार खरीच. रखडलेल्या छपाईची दखल मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून घेतली होती. पण विहारात एक प्रत असली तरी पुरे. रविवारी वंदनेनंतर एकाने मोठ्याने मराठीतून समजावून सांगावे. एखादे कलम अडले तर मला बोलवा, मी येईन.