अंथरूण पाहून...

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या आरोग्य खात्याने २०११ साली एक जाहिरात काढली होती. मोठ्या पलंगावर तान्हे बाळ झोपलेले आणि त्याच्या शेजारी खाटकाचा सुरा! मोठ्यांच्या पलंगात बाळाला घेऊन झोपणे तितकेच धोक्याचे, असा अर्थ. मला तर संताप आला. आईची कूस म्हणजे काय सुरा?

पण मंडळी, लगेच टाळ्या वाजवू नका. ‘आमच्या सात पिढ्या आईच्या कुशीत झोपल्या, कुणाला काय झाले?’ असे म्हणणाऱ्या आपल्या घरातल्यांशीही माझे भांडण आहे. ज्यांना झाले ते सांगायला उरले नाहीत. ‘नशिबात नव्हते’ म्हणून विषय मिटवला जाई, इतकेच.

माझी भाचेसून न्यू जर्सीत असते. पहिल्या बाळंतपणात तिला बजावले होते की बाळ तुमच्या पलंगावर अजिबात नको. पोरगी मुळात भित्री. रात्री तीनला पाजताना झोप लागू नये म्हणून पलंग सोडून सोफ्यावर जाऊन बसायची, आणि नेमकी तिथेच डुलकी! आता सोफा ही तर सगळ्यांत वाईट जागा. बाळ आईच्या अंगात आणि सोफ्याच्या पाठीत अडकते, नाक दाबले जाते, आणि एवढ्याशा जिवाला मान काढून घेता येत नाही. एका पलंगावर झोपू नका म्हणणाऱ्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच २०२२ च्या सूचनांत लिहिले आहे की पाजताना डोळा लागण्याची शक्यता असेल तर सोफ्यापेक्षा, आरामखुर्चीपेक्षा पलंग कमी धोक्याचा. हे वाक्य तिच्यापर्यंत पोचलेच नाही. ‘नको’ तेवढे पोचले. मी इतकी वर्षे वर्ग सांभाळले. नुसते ‘नको’ म्हटले की मुले ते चोरून करतात, आणि चोरून केलेले नेहमी वेडेवाकडे होते. इंग्लंडमध्ये २०२१ पासूनच्या सरकारी सूचनांत, एकत्र झोपायचे तर कसे, हे आईबापांशी बोला असे स्पष्ट म्हटले आहे. याला म्हणतात शिकवणे.

जेम्स मॅकेना नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने आई-बाळांना प्रयोगशाळेत झोपवून रात्रभर त्यांचे निरीक्षण केले. अंगावर पाजणारी आई बाळाकडे तोंड करून, गुडघे वर घेऊन, हात त्याच्या डोक्यावरच्या बाजूला ठेवून झोपते. बाळ छातीशी, उशीपासून दूर. (हे पाहायला प्रयोगशाळा लागली!)

आई तीच आहे, अंथरूण बदलले. मी मुलांना घेऊन झोपले ती जमिनीवर, कापसाच्या कडक गादीवर. आता माणूस रुतेल असा फोम, चार उशा, फुगलेली रजई, आणि पलंग व भिंत यांच्यात बाळ अडकेल एवढी फट. शिवाय आमचेही सगळे सोवळे नव्हते. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी, उन्हाळ्यातसुद्धा कुंची, बंद खोलीत धुरी. यातले काहीही नको. बाळ उताणेच झोपवावे. इंग्लंडने १९९१ मध्ये आणि अमेरिकेने १९९४ मध्ये एवढी एक गोष्ट घरोघरी सांगितली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याहून खाली आली.

आणि काही घरांत बाळ शेजारी घ्यायचेच नाही. आई किंवा बाप सिगारेट ओढत असेल, मग ती गॅलरीत जाऊन का असेना. त्या रात्री कुणी दारू किंवा गुंगीचे औषध घेतले असेल. बाळ ३७ आठवड्यांच्या आधी जन्मले असेल, अडीच किलोच्या आत असेल. अशा वेळी बाळ त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या अंथरुणात. मशेरी लावणाऱ्या आयाबायांनो, तुम्हीही ऐका. मशेरी म्हणजे तंबाखूच, आणि पोटातल्या बाळाचे वजन तीही कमी करते. ‘दातांसाठी लावते’ हे मला सांगू नका.

भाचेसुनेला दिवाळीच्या सुमारास दुसरे होईल. तिला कळवले आहे की कडक गादी जमिनीवर घाल, भिंतीपासून लांब. उशी फक्त तुझ्या डोक्याखाली, पांघरूण तुझ्या कमरेपर्यंत, केस बांधलेले, मंगळसूत्र काढून ठेवलेले. मोठ्या लेकीला बापाच्या बाजूला झोपव, बाळाच्या शेजारी नाही. भाचा म्हणतो की त्याने सिगारेट सोडली. ते मी माझ्या बहिणीकडून खात्री करून घेणार आहे.