सुटी आणि समुद्र

साक्रीसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या गावातील व्यापारी कुटुंबात सहलीचा विषय निघाला की अलिबागचे नाव हमखास येते. मुंबईच्या गेटवेवरून बोटीने मांडवा आणि पुढे मोटारीने अलिबाग, असा हा सुखाचा प्रवास आहे. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, म्हणून दिवाळीनंतरचा काळ उत्तम. किनाऱ्यासमोर पाण्यात कुलाबा किल्ला उभा आहे. ओहोटीच्या वेळी तेथे पायी जाता येते. मात्र भरतीची वेळ आधी विचारून घ्यावी. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर पाहून मुले थक्क होतात. गावात १७२९ मध्ये निवर्तलेल्या कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे.

अशी गावे केवळ समुद्रामुळे भरभराटीस येत नाहीत; तेथे येण्यास माणसांना सवडही लागते. इंग्लंडमधील ब्रायटनला लंडनहून रेल्वे १८४१ मध्येच पोहोचली होती. पुढे १८७१ मध्ये सर जॉन लबक यांच्या पुढाकाराने बँकांच्या सुट्यांचा कायदा झाला. लबक स्वतः बँकर होते. बँका बंद म्हटल्यावर व्यवहार थांबू लागले, पेढ्याही बंद राहू लागल्या आणि कारकून-कामगार सहकुटुंब किनाऱ्याकडे निघाले. ब्लॅकपूलचा प्रसिद्ध मनोरा १८९४ मध्ये खुला झाला, तो अशाच गर्दीच्या काळात.

आपल्याकडे महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात साप्ताहिक सुटी आणि वर्षाकाठी सणांच्या आठ भरपगारी सुट्या आहेत. परंतु मोजकी माणसे असलेल्या लहान दुकानांना त्यातील बहुतेक तरतुदी लागू होत नाहीत. आपली बहुतेक दुकाने अशीच. त्यामुळे तेथे सुटी मिळणे वा न मिळणे सर्वस्वी शेठजींच्या मनावर राहते.

आपण सहकुटुंब अलिबागला जातो, तेव्हा मागे दुकान सांभाळणारा माणूस बहुधा वर्षानुवर्षे तोच असतो. त्याच्या मुलांनी समुद्र पाहिलेला असतो का? हिशेब करून पाहा. महिना बारा हजार रुपये पगार असेल, तर चार दिवसांची भरपगारी सुटी सोळाशे रुपयांची होते. लग्नसराई व दिवाळीचा हंगाम सोडून ती पाळीपाळीने देता येईल. यंदा नव्या वहीत पगाराच्या खात्याखाली ही रक्कम आधीच मांडून ठेवावी आणि सुटीची तारीख त्या माणसालाच ठरवू द्यावी.